शेपटीवरून ओळख

न्यूट्रॉनचा सोर्स घेतला की गॅमा फुकट पदरात पडतात. आमच्या विद्यापीठाच्या लॅबमध्ये अमेरिशियम-बेरिलियमचा सोर्स होता, स्टीलच्या छोट्याशा कुपीत बंद. अमेरिशियममधून निघालेला अल्फा कण बेरिलियमवर आदळतो, कार्बन तयार होतो आणि न्यूट्रॉन सुटतो. तो कार्बन बरेचदा उत्तेजित अवस्थेत असतो, मग त्याच्यातून ४.४३ एमईव्हीचा गॅमाही निघतो. खुद्द अमेरिशियमचे ६० केईव्हीचे गॅमा वेगळेच आणि ढिगाने. त्यांच्यासाठी डिटेक्टरभोवती शिशाचा पातळ पत्रा गुंडाळला की भागतं. उरलेल्यांचं काय करायचं, यावर माझी पीएचडी अडलेली होती.

हा घोळ न्यूट्रॉनइतकाच जुना. १९३० मध्ये बोटे आणि बेकर यांनी बेरिलियमवर अल्फा कणांचा मारा केला, तेव्हा शिशातूनही आरपार जाणारं काहीतरी बाहेर पडलं. सगळ्यांनी त्याला गॅमा मानलं. जानेवारी १९३२ मध्ये इरेन आणि फ्रेडरिक जोलिओ-क्यूरी यांना दिसलं, की हे किरण पॅराफिनमधून प्रोटॉन उडवतात. तरी त्यांनी गॅमा काही सोडला नाही. केंब्रिजमध्ये चॅडविक हिशोबाला बसला. इतक्या जोरात प्रोटॉन उडवायचा तर गॅमाची ऊर्जा पन्नास एमईव्हीच्या वर हवी, आणि ती आणायची कुठून? महिन्याभरातच त्याने न्यूट्रॉनची घोषणा केली. सोर्स समोर ठेवून मान मोडेपर्यंत बसावं लागे, तेव्हा मेरी क्यूरींच्या लेकी-जावयाचीही इथेच फसगत झाली होती, हे आठवून मला जरा बरं वाटायचं.

आमचा डिटेक्टर द्रव सिंटिलेटरचा. अॅल्युमिनियमचा डबा, एका तोंडाला काच, काचेला चिकटवलेली फोटोमल्टिप्लायर ट्यूब आणि उजेड आत जाऊ नये म्हणून सगळीकडे काळी टेप. द्रवाचा आधार झायलीन, म्हणजे २६ अंशांनाच पेट घेऊ शकेल असा प्रकार. एप्रिलात एसी बंद पडला की लॅबमधले काका एकदा डब्याकडे आणि एकदा थर्मामीटरकडे बघायचे. "अगं, गळालाच तर आधी हाय व्होल्टेज बंद कर आणि मग मला हाक मार. उलटं करू नकोस," असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

डब्यात न्यूट्रॉन आला तर तो हायड्रोजनच्या प्रोटॉनला धक्का देतो, गॅमा आला तर इलेक्ट्रॉनला. पुढे द्रवात चमक उठते ती या प्रोटॉनमुळे किंवा इलेक्ट्रॉनमुळे. चमकेचा बहुतेक प्रकाश तीन-चार नॅनोसेकंदांत संपतो. पण काही रेणू ट्रिप्लेट अवस्थेत अडकून पडतात. असे दोन रेणू एकमेकांना भेटले तरच त्यांची ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर येते, आणि हे शेकडो नॅनोसेकंद रेंगाळत चालतं. प्रोटॉन जड, तो थोड्याशा अंतरात सगळी ऊर्जा ओतून मोकळा होतो. त्याच्या वाटेवर असे रेणू दाटीवाटीने तयार होतात, म्हणून ट्यूबमधून येणाऱ्या पल्सची शेपटी जाड. इलेक्ट्रॉनची वाट लांब आणि विरळ, शेपटी बारीक. द्रवात ऑक्सिजन विरघळला तर तो ट्रिप्लेट रेणूंना परस्पर विझवतो आणि ही जाड शेपटीच नाहीशी होते. म्हणून द्रवातून आधी नायट्रोजन सोडतात आणि मगच डबा सील करतात.

डोळ्यांनी मात्र यातलं काही कळत नाही. ऑसिलोस्कोपवर एकेक पल्स थांबवून पाहिला तरी हा कोणता, ते मी छातीठोकपणे सांगू शकले नसते. डिजिटायझर दर २ नॅनोसेकंदांनी पल्सची उंची टिपायचा. सुरुवातीपासून तीनशे नॅनोसेकंदांपर्यंतचं क्षेत्रफळ म्हणजे टोटल, त्यातला पहिल्या तीसेक नॅनोसेकंदांनंतरचा भाग म्हणजे टेल. टेल भागिले टोटल. आडव्या अक्षावर टोटल, उभ्यावर हा भागाकार मांडला, की स्क्रीनवर ठिपक्यांचे दोन पट्टे उमटतात: खाली गॅमांचा, दाट, वर न्यूट्रॉनचा.

वरचा पट्टा न्यूट्रॉनचाच कशावरून? मी मध्ये पाच सेंटिमीटर शिसं रचलं. खालचा पट्टा ओसरला, वरचा थोडाफार विरळ झाला, इतकंच. शिसं काढून पॉलिथिनचा जाड ठोकळा ठेवला, तर वरचा ओसरला आणि खालचा बराचसा टिकला. ठोकळे उचलून माझी कंबर दुखत होती, पण त्या संध्याकाळी मी चक्क शीळ घालत होते.

मग सरांनी सीझियम लावायला सांगितलं. सीझियम-१३७ मधून न्यूट्रॉन निघतच नाहीत, तरी वरच्या भागात ठिपके पडू लागले. पट्ट्याच्याही वर, अस्ताव्यस्त. सोर्स जवळ आणून काउंट रेट दुप्पट केला, तर हे ठिपके जवळजवळ चौपट झाले. तिथेच चोर सापडला. एका गॅमाचा पल्स संपायच्या आत दुसरा येऊन त्याच्या शेपटीवर बसत होता, आणि बेरजेत ती शेपटी न्यूट्रॉनसारखी जाड दिसत होती. एका पल्समध्ये दोन शिखरं दिसली तर तो टाकून द्यायचा, असा नियम मी प्रोग्रॅममध्ये घातला. अगदी खेटून आलेली जोडी त्यातूनही निसटते. तिच्यावर उपाय एकच, सोर्स लांब ठेवायचा आणि जास्त वेळ बसायचं.

खरी पंचाईत डाव्या टोकाला, छोट्या पल्सची. तिथे शेपटीत मोजके फोटॉन असतात, भागाकार डगमगतो आणि दोन्ही पट्टे एकमेकांत मिसळतात. त्यात प्रोटॉन प्रकाशाच्या बाबतीत कंजूष. १ एमईव्हीचा प्रोटॉन तेवढ्याच ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनच्या साधारण सहाव्या हिश्श्याइतकाच प्रकाश देतो, म्हणजे मंद न्यूट्रॉन नेमके या गर्दीत. दोन पट्ट्यांमधली रेघ कागदावर कुठेही मारता येते. वर सरकवली की न्यूट्रॉन हातचे जातात, खाली आणली की गॅमा घुसतात.

म्हणून दुसरा साक्षीदार हवा होता, आणि तो सोर्समध्येच होता. कार्बनचा ४.४३ एमईव्हीचा गॅमा आणि न्यूट्रॉन एकाच क्षणी निघतात. सोर्सजवळ बेरियम फ्लोराइडचा डिटेक्टर ठेवून त्या गॅमावर घड्याळ सुरू करायचं आणि एक मीटरवरच्या द्रव डिटेक्टरवर थांबवायचं. गॅमाला एक मीटर जायला ३.३ नॅनोसेकंद लागतात, ४ एमईव्हीच्या न्यूट्रॉनला छत्तीसेक. उशिरा आलेल्यांतले कितीजण माझ्या रेघेखाली पडतात, हे आता मोजता येत होतं. दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी अॅक्सिलरेटर सेंटरमध्ये असे शंभर द्रव डिटेक्टर एका घुमटावर बसवलेत, तिथेही शेपटी आणि वेळ अशा दोन्ही साक्षी घेतात. एकट्या शेपटीवर भिस्त ठेवणाऱ्यांचे आलेख मी तेव्हापासून जरा संशयानेच वाचते.

ज्याच्याखालचे पल्स मोजायचेच नाहीत असा थ्रेशोल्ड शेवटी २०० केईव्ही-इलेक्ट्रॉनवर आला, म्हणजे प्रोटॉनच्या हिशेबात साधारण सव्वा एमईव्ही. मला तो आणखी खाली ओढायचा होता, कारण खाली काउंट भरपूर होते आणि आलेख गुळगुळीत दिसला असता. सरांनी आलेख पाहिला आणि एवढंच विचारलं, "खाली जे सोडलेस, त्यांचा हिशेब कुठंय?" तो लावायला आलेखापेक्षा जास्त वेळ गेला. थीसिसमध्ये कार्यक्षमतेचा तक्ता सव्वा एमईव्हीपासूनच सुरू होतो, आणि त्याच्या वरच्या रकान्यात ते २०० ठळक अक्षरांत छापलंय.