कॅमेरा घ्यावा तर कोणता?

माझ्या वडिलांचा एकच फोटो आहे. १९९३ नंतर मतदारांना फोटोची ओळखपत्रे मिळू लागली, त्या ओळखपत्रावरचा. वडील गेले तेव्हा शोकसभेसाठी तोच मोठा करून आणला. टपालाच्या तिकिटाएवढा फोटो. मोठा केल्यावर नाक-डोळे पार पुसट झाले. आई समोर उभी राहिली आणि म्हणाली, “हे कोण?”

त्या दिवशी ठरवले, शेणव्यातल्या आपल्या वस्तीतल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाचा एक चांगला फोटो काढायचा. मंडळाने वर्गणी काढली. वीटभट्टीवर राबणाऱ्या बायांनीही शंभर-शंभर रुपये दिले. मी बी.कॉम. झालेला कारकून, म्हणून खरेदी माझ्या गळ्यात. पैसा कष्टाचा, तोही लोकांचा. चुकून चालणार नव्हते.

सल्ले मात्र उदंड मिळाले. शहापूरचा स्टुडिओवाला म्हणाला, “लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेराच घ्या.” कल्याणचा दुकानदार म्हणाला, “मेगापिक्सेल जास्त तो चांगला.” कचेरीतला सहकारी म्हणाला, “झूम बघा.” भाचा हसला, “मामा, आता कॅमेरा कोण घेतो? माझा फोन आहे ना!” प्रत्येक जण दुसऱ्याला वेड्यात काढत होता.

तेव्हा कालाम लोकांची आठवण झाली. येणारा प्रत्येक गुरू आपलेच खरे म्हणतो, दुसऱ्याचे खोटे ठरवतो, मग आम्ही मानायचे कोणाचे, असे त्यांनी तथागतांना विचारले होते. ऐकीव आहे, ग्रंथात आहे किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, असा त्याचा बोध. तो कॅमेऱ्यालाही लागू पडतो!

मी प्रत्येकाला उलट विचारले, “तुम्ही फोटो कशाचे काढता?” स्टुडिओवाला रात्रीच्या लग्नांचे काढतो. सहकारी तानसाच्या जंगलात पाखरांचे काढतो. भाचा काढतो आणि फोनवरच बघतो. कोणीच खोटे बोलत नव्हते. ज्याची गरज वेगळी त्याचे मत वेगळे. मग आपली गरज काय? माणसाचा चेहरा, आणि भिंतीवर लावण्याजोगा आठ बाय दहा इंचांचा फोटो.

वही काढून हिशेब मांडला. इंचाला ३०० ठिपके धरले तर २४०० गुणिले ३०००, म्हणजे ७२ लाख ठिपके. सात-साडेसात मेगापिक्सेल झाले. एवढे तर भाच्याच्या फोनमध्येही होते. दुकानदाराचा मुद्दा गळाला. डिजिटल झूम म्हणजे फोटोचा तुकडा मोठा करणे. वडिलांच्या फोटोचे जे झाले तेच! राहिला प्रकाश. पावसात वाटी ठेवली आणि घमेले ठेवले, तर जास्त पाणी घमेल्यात साठते. मोठ्या कॅमेऱ्याचा सेन्सर म्हणजे घमेले. अंधारात तो जास्त उजेड गोळा करतो.

आता पारख. तिघांकडून एका दिवसापुरती यंत्रे मागून आणली. आईला आधी घरात कोपऱ्यात बसवले, मग दारात ओट्यावर. फोटो छापून घेतले, मागे फक्त आकडे घातले आणि वस्तीतल्या बायांपुढे मांडले. घरातल्या अंधारात मोठा कॅमेरा सरस ठरला, वादच नाही. ओट्यावरच्या उजेडातले तिन्ही फोटो मात्र कोणाला वेगळे ओळखता येईनात. आईने त्यातलाच एक उचलला, “ह्यात मी माझ्यासारखी दिसते.” मागे पाहिले तर भाच्याच्या फोनचा!

मंडळाच्या बैठकीत ठरले, कॅमेरा घ्यायचाच नाही. चालत्या-फिरत्या माणसांचे फोटो ओट्यावर बसवून फोननेच काढायचे. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी स्टुडिओचा कॅमेरा एक दिवस भाड्याने. उरलेला पैसा चांगल्या छपाईला आणि लाकडी चौकटींना. आम्हाला कॅमेरा नको होता, फोटो हवे होते; हे कळायला मला दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत वस्तीतले एक आजोबा गेले. त्यांचा फोटो राहूनच गेला.

डिसेंबर १९५६ मध्ये बाबासाहेबांची अंत्ययात्रा नामदेव व्हटकरांनी पदरमोड करून चित्रित केली, म्हणून तो जनसागर आज आपल्याला दिसतो. ते थांबले असते तर?

बंधू-भगिनींनो, कॅमेरा कोणता हे खुशाल पारखा. पण आज घरी गेल्यावर आई-वडिलांना आधी उजेडात बसवा.