अंगठा उठण्याआधी

१९६१च्या फेब्रुवारीत आमच्या जबलपुरात मोठी दंगल झाली. एका तरुणीवर अत्याचार झाला, तिने जीव दिला. आरोप होता एक-दोघांवर; पण काही स्थानिक वर्तमानपत्रांनी बातमी इतकी भडक करून छापली, की गुन्हा साऱ्या समाजाच्या माथी लागला. माणसं मेली, घरं जळली. त्याच वर्षी पंडित नेहरूंनी राष्ट्रीय एकात्मता परिषद बोलावली.

तेव्हा अफवेला निदान छापखान्यापर्यंत जावं लागे. आता अंगठा पुरतो. मजकूर लिहिणं हेच माझं काम असल्याने हे जरा जास्तच टोचतं.

कुरआनच्या ४९व्या सूरेत, ‘अल्-हुजुरात’मध्ये, याबद्दल स्पष्ट ताकीद आहे: बेभरवशाच्या माणसाने बातमी आणली, तर आधी खातरजमा करा; नाहीतर नकळत कुणाचं नुकसान कराल आणि मागाहून पस्तावाल. पुढे थट्टा, वाईट टोपणनावं, उगाच संशय, पाठीमागे निंदा, सगळ्यालाच मनाई. आपल्या श्रद्धेचा अपमान करणारा व्हिडिओ येतो तेव्हा ही ताकीद सर्वांत जड जाते. पण ‘आपल्या बाजूची बातमी असेल तर चालेल’ अशी सवलत तिथे नाही.

म्हणून गप्प बसायचं का? मला तसं वाटत नाही. जुलमी सत्ताधाऱ्यासमोर खरं बोलणं हा श्रेष्ठ जिहाद, असंही हदीसमध्ये आहे. ते धाडस सत्तेपुढे दाखवायचं, शेजाऱ्यावर नाही.

घरच्या ग्रुपवर मी हल्ली एवढंच विचारते, “कुठलं आहे? कधीचं?” मामा चिडतात. पण निम्मे मेसेज तिथेच थांबतात.