तंजावरांत पुन्हां चार तास

रामेश्वराहून परततांना तंजावर स्टेशनावर उतरलों तेव्हां सकाळचे आठ वाजले होते. पुढची गाडी बारानंतरची. या शहरीं मी प्रथम आलों तो वडिलांचें बोट धरून, आणि तेव्हांपासून दक्षिणेंतील दुसरें कोणतेंही शहर मला इतकें आपलेंसें वाटलें नाहीं. बृहदीश्वराचें दर्शन घाईनें उरकावें व उरलेला सारा वेळ राजवाड्यांतील सरस्वती महालाच्या पोथ्यांना द्यावा, असा बेत होता. दुसऱ्या सरफोजीराजांनीं १८२० मध्यें काशीयात्रेस निघून तिकडून ग्रंथांचे भारे आणले, त्यांतलें थोडें तरी पुन्हां डोळ्यांखालून घालावें ही इच्छा फार दिवसांची.

राजराज चोळानें १०१० मध्यें पुरें केलेलें तें विमान २०० फुटांहून उंच आहे. त्याची सावली म्हणे जमिनीवर पडत नाहीं! वाटाड्या हें मोठ्या निष्ठेनें सांगत होता, आणि मी त्याच सावलींत उभा होतों. पाय भाजूं लागले होते, तेव्हां वाद न घालणेंच बरें वाटलें.

नैऋत्येकडील भिंतीवर आपला मराठी शिलालेख आहे. सरफोजीराजांनीं १८०३ मध्यें भोसल्यांची सारी वंशकथा तेथें दगडांत कोरविली. लहानपणीं वडिलांनीं मला उचलून धरून त्यांतलें शहाजीराजांचें नांव वाचावयास लाविलें होतें. तें शोधीत असतां मागून मराठींत प्रश्न आला, “आपणांस हें वाचतां येतें काय?”

नातवास घेऊन एक वृद्ध बाई उभ्या होत्या. भाषा मराठीच, पण हेल पुरा तमिळ. १८५५ मध्यें, राजांस पुत्र नाहीं या सबबीवर, इंग्रजांनीं हें राज्य संपविलें. दरबाराबरोबर आलेलीं घराणीं मात्र राहिलीं. बाईंच्या घरीं अद्याप मराठीच बोलतात. पण शाळा तमिळ, म्हणून अक्षरेंही तमिळ. बहिणीस पत्र लिहितांना त्या मराठी शब्द तमिळ लिपींत लिहीत. पूर्वजांचा हा लेख त्यांनीं जन्मभर पाहिला होता. ऐकला मात्र कधींच नव्हता.

मीं वाचावयास आरंभ केला. शब्द एकमेकांस चिकटलेले. कोठें तोडावें हें मला उमगेना. एकदां भलत्याच ठिकाणीं थांबलों तों बाईंनीं मिटल्या डोळ्यांनींच मान हालविली आणि पुढचें अक्षर मागच्यास जोडून शब्द नीट उच्चारून दाखविला. मला अक्षरओळख असून जें साधलें नाहीं, तें त्यांच्या कानानें केलें. मग मीं घड्याळाकडे पाहाण्याचें सोडून दिलें.

मुलगा कंटाळला होता. त्याला मीं ‘राजे’ हा शब्द दाखविला आणि असे आणखी किती सांपडतात तें मोजावयास सांगितलें. तो भिंतीजवळून हळूहळू सरकूं लागला; आजी त्याच्या मागें.

राजवाडा रिक्षांतूनच पाहिला. मनोरा घरांच्या गर्दींत क्षणभर दिसला आणि गेला. निघतेवेळीं त्या मुलानें लांबूनच ओरडून सांगितलें होतें, “सतरा झाले, मामा!” शहाजीराजांचें नांव शोधावयाचें राहूनच गेलें.