आजीच्या गोळ्या

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही दोघी बहिणी आजीला गुडघेदुखीसाठी बेळगावातल्या एका निसर्गोपचार केंद्रात रोज नेत होतो. गुडघ्यांवर ओल्या मातीची पट्टी, मग गरम-गार पाण्याचा शेक. महात्मा गांधींनी १९४६ साली उरुळी कांचनला असेच उपचार सुरू केले, हे आजी रिक्षावाल्यालासुद्धा सांगायची! आठवड्यात दुखणे कमी झाले आणि तिने मधुमेहाच्या गोळ्या गुपचूप बंद केल्या. आम्हाला त्या उशीखाली सापडल्या. सांगावे तर आजी रागावणार. तरी सांगितले. केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासले. साखर वाढलेली निघाली. त्या आजीचा हात धरून म्हणाल्या, "आजी, माती गुडघ्यासाठी. गोळी सोडायची नाही." आजी दोन दिवस आमच्याशी बोलली नाही. गोळ्या मात्र घेऊ लागली.