अठ्ठ्याण्णव अंश

आकडा समोर आला की माणूस विचार करायचे सोडून देतो, असा आमचा अध्यापनातील दीर्घ अनुभव आहे. कोणी त्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतो, तर कोणी तो खोटाच ठरवून मोकळा होतो. पडताळून पाहण्याचे कष्ट घेणारा विरळा. सहकाऱ्यांना ही गोष्ट आम्ही कितीदा तरी ऐकवली असेल. परंतु आम्ही स्वतः कोणत्या वर्गात मोडतो, हे समजायला यंदाचा मे महिना उजाडावा लागला.

आमचे बिऱ्हाड बेगम बाजारातील एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आहे. खाली तांब्यापितळेच्या भांड्यांची दुकाने, पलीकडे मिरची-मसाल्याचा घाऊक व्यापार आणि मधल्या बोळात हातगाड्यांची अखंड वर्दळ. धूळ आणि मिरचीचा खकाणा आमच्या घरात न विचारता येतात. अशा घरात, भर दुपारी छत्तीस अंशांच्या खोलीत, आम्ही संगणकावर वडिलांच्या वह्या उतरवून घेत होतो. वडील निजामाच्या अमदानीत उर्दू माध्यमातून शिकले, पुढे कचेरीत कारकुनी केली. हैदराबादच्या मराठी घरांत रुळलेले सरिश्ता, पेशकार, मुन्सफ यांसारखे शब्द त्यांनी हौसेने टिपून ठेवले होते. वह्यांच्या पानांचा आता भुगा होऊ लागला आहे. चौदाशे शब्द आमचे उतरवून झाले होते आणि त्यांची दुसरी प्रत कोठेही नव्हती!

एके दिवशी संगणक मंदावला आणि पाहता पाहता आपोआप बंद पडला. पुन्हा सुरू केला, पुन्हा तेच. पुण्याच्या भाच्याने दूरध्वनीवरून सांगितले त्याप्रमाणे तापमान दाखवणारा एक प्रोग्राम आम्ही बसवला. आकडा आला ९८. आम्ही हबकून हाक मारली. सौ. पदराला हात पुसत आल्या आणि म्हणाल्या, “अहो, अठ्ठ्याण्णव म्हणजे काही ताप नव्हे!”

हे अंश फॅरनहाइटचे नसून सेल्सियसचे आहेत, पाणी उकळायला दोनच कमी, हे आम्ही त्यांना समजावून दिले. मात्र आमचाही त्या आकड्यावर विश्वास बसेना. नुसते मराठी लिहिण्याने यंत्राचे डोके इतके तापावे कशाला? भाच्याने आमच्या संशयाला खतपाणीच घातले. २०१७ साली आलेल्या रायझन जातीच्या काही प्रोसेसरांत यंत्राला कळवला जाणारा आकडा निर्मात्यांनीच हेतुपुरस्सर वीस अंशांनी वाढवून ठेवला होता, पंख्यांचे नियमन एकसारखे व्हावे म्हणून. आणि तो पाहून कित्येक ग्राहक उगाच घाबरले होते. आमचा प्रोसेसर त्या जातीचा नव्हता. तरीही आकडा खोटा असू शकतो, एवढे आम्हांला पुरेसे झाले. ज्या तरुणाने हा संगणक जोडून दिला, तो आमचाच जुना विद्यार्थी. त्याला दूरध्वनी करून, हलका माल घातल्याबद्दल आम्ही वर्गात बोलावे तशा आवाजात चार शब्द सुनावले. तो एवढेच म्हणाला, “सर, उद्या सकाळी येतो. तोवर सुरू करू नका.”

रात्री सौ.नी विचारले, “हात लावून पाहिलात का? सासूबाई थर्मामीटर लावण्याआधी कपाळाला हात लावून पाहात.” यंत्र नुकतेच बंद पडलेले होते. वीज तोडून, झाकण काढून आम्ही प्रोसेसरवरच्या हीटसिंकला, म्हणजे त्या धातूच्या पात्यांच्या गठ्ठ्याला, बोट लावले. चक्क गार! आमचा आनंद गगनात मावेना. आकडा खोटा, हे सिद्धच झाले की!

सकाळी तो आला तेव्हा ही सिद्धता आम्ही त्याला मोठ्या ऐटीत ऐकवली. तो शांतपणे म्हणाला, “सर, हीटसिंक गार लागला, म्हणूनच आकडा खरा असण्याची भीती आहे.” तापमान मोजणारा भाग कोणी बाहेरून घालत नाही, तो प्रोसेसरच्या चकतीतच असतो. तो मर्यादेच्या जवळ बऱ्यापैकी अचूक असतो, कमी तापमानात थोडाफार चुकतो. आमच्या प्रोसेसरची मर्यादा शंभर अंशांची. ती गाठली की तो स्वतःच वेग कमी करतो. तरीही भागले नाही तर यंत्र बंद पाडतो. आता रात्रभर थंड झालेले यंत्र त्याने सुरू केले आणि प्रोग्राम उघडण्याऐवजी थेट बायोसच्या पडद्यावर आकडा पाहिला. आरंभी ४४; दोन-तीन मिनिटांत ९६. “मोजणारा भाग बिघडला असता तर बहुधा गारठ्यातही तोच आकडा दाखवत बसला असता. हा तर चढतो आहे. उष्णता आत आहे, वर पोहोचत नाही. खालच्या दुकानातले बुडाला पोचा आलेले पातेले विजेच्या शेगडीवर ठेवा. शेगडी लाल होईल, पण पातेल्यातले पाणी कोमटच राहील.”

मग त्याने वीज तोडून पंखा तपासला. हीटसिंक धरून ठेवणाऱ्या चार खुंट्यांपैकी एक निसटलेली होती. त्याने मान वर न करताच विचारले, “सर, आप सफाई करे थे क्या?”

केली होती. पंधरा दिवसांपूर्वी, खकाणा झटकताना, आम्हीच पंखा जोराने ओढला होता.

त्याने जुनी वाळलेली थर्मल पेस्ट स्पिरिटच्या फडक्याने पुसली, वाटाण्याहून लहान असा नवा ठिपका ठेवला आणि समोरासमोरच्या खुंट्या आळीपाळीने दाबून बसवल्या. यंत्र सुरू केले. बसल्याजागी ४७, मुद्दाम कामाला जुंपले तेव्हा ७४. छत्तीस अंशांच्या खोलीत याहून काय मागावे?

पस्तीस वर्षांच्या माणसाला “बाळ, आमचे चुकले” असे म्हणणे मुख्याध्यापकाला किती जड जाते, ते आम्ही त्या सकाळी अनुभवले. शब्द घशाशी अडले, पण निघाले. तो संकोचून म्हणाला, “सर, आधी त्या वह्यांची प्रत काढू या.” एक पेन ड्राइव्ह आता कपाटात आहे, पुढील प्रत इसामिया बाजारातील मराठी ग्रंथसंग्रहालयात द्यावी, असा मानस आहे.

आमच्या आईला संगणक ठाऊक नव्हता. पण कपाळाला हात लावल्यानंतरही ती थर्मामीटर लावायला विसरत नसे, एवढे मात्र आम्हांला त्या रात्री आठवायला हवे होते.