मधली पेटी

माझी एक वाईट खोड आहे. काही बिघडले, की ते कशाने बिघडले हे पाहण्याआधी ते कुणी बिघडवले हे मी शोधू लागतो. वर्गातल्या फळ्याची चौकट निखळली, तरी माझी नजर प्रथम शेवटच्या बाकाकडे जाते. इतक्या वर्षांच्या मास्तरकीने ही सवय अशी मुरली आहे, की घरी आल्यावर सदऱ्याबरोबर ती खुंटीला टांगता येत नाही.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास आमची जुनी जीप कुरकुरू लागली. ही जीप अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. अण्णा गेल्यावर ती दादाच्या आणि माझ्या सामाईकीत राहिली. गंगाखेडच्या काळ्या जमिनीत ज्याचे शेत आहे, त्याला तिची किंमत सांगावी लागत नाही. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी ही माती पावसाळ्यात चाकाला अशी बिलगते, की बैलांनीही हात टेकावेत! जीप मुळात दुसऱ्या महायुद्धातल्या चिखलासाठी जन्मली. लढाई संपल्यावर १९४७ साली महिंद्रांच्या कंपनीने मुंबईत तिची जुळणी सुरू केली, आणि पुढे ती खेडोपाडी पोचली.

तर ती कुरकुरू लागली. गाडी हलली, की पायाखालून जात्यात खडा सापडल्यासारखी घरघर येई. जनाबाईच्या गावात वाढलेल्या माणसाला दुसरी उपमा कुठून सुचणार?

मी लगेच निकाल देऊन मोकळा झालो. श्रावणात दादाच्या मुलाने हीच जीप चिखलात घालून शेजाऱ्याची रुतलेली बैलगाडी बाहेर ओढली होती. "तूच गिअरबॉक्स फोडलास," असे मी त्याला सर्वांदेखत म्हणालो. तो "नाही काका," एवढेच बोलला. त्या दिवसापासून त्याने किल्लीला हात लावला नाही, आणि आमच्याकडे फिरकलाही नाही. वहिनीही मोजके बोलू लागल्या. इकडे दिवाळी जवळ येत चालली होती.

अखेर गाडी मिस्त्रींकडे नेली. साठी उलटलेल्या या गृहस्थांना सारे गाव चाचा म्हणते. गिअरबॉक्स कसा गेला हे मी सांगू लागलो, तर त्यांनी हात वर करून मला गप्प केले. "गुरुजी, आधी तिला बोलू द्या."

जीपमध्ये गिअरच्या दांड्याशेजारी दोन आखूड दांडे असतात. एक पुढच्या चाकांना ताकद जोडतो आणि तोडतो. दुसरा वेग कमी करून ताकद वाढवतो. दोन्ही दांडे गिअरबॉक्सच्या मागे असलेल्या एका लोखंडी पेटीत उतरतात. तिला ट्रान्सफर केस म्हणतात. इंजिनाकडून आलेली ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटून देणे, हे तिचे काम.

चाचांनी मुख्य गिअर न्यूट्रलला ठेवून इंजिन सुरू केले. आवाज नाही. मग आखूड दांडा न्यूट्रलला आणून मुख्य दांडा टॉपला टाकला. चाके जागची हलली नाहीत, पण घरघर सुरू झाली. "चाकं उभी आहेत, म्हणजे दोष चाकांचा नाही. गिअरबॉक्स मघाशी गप्प होता. उरली ही मधली पेटी."

त्यांनी पेटीचे बूच काढून काळे तेल घमेल्यात उतरवले आणि त्यात लोहचुंबक फिरवले. त्याला चांदीसारखा चुरा आणि गिअरच्या दाताचा एक तुकडा चिकटून आला. मग ते पुढच्या टायरांवरून हात फिरवू लागले. रबर कानशीने घासल्यासारखे झाले होते.

"गुरुजी, पुढची चाकं जोडून डांबरी रस्त्यावर गाडी कुणी चालवली?"

मला उत्तर ठाऊक होते. भाद्रपदात शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी आठवडाभर मी परभणीला ये-जा करीत होतो. दोन चाकांपेक्षा चार चाकांनी ओढलेली गाडी अधिक सुरक्षित, असे माझे गणित! शेवटच्या दिवशी दांडा निघेना, तेव्हा लाथ घालून तो सोडवणाराही मीच.

चाचांनी समजावून सांगितले. वळणावर पुढची चाके मागच्यांहून जास्त वाट चालतात. दांडा लावला, की ही पेटी दोघांना जखडून टाकते. चिखलात चाक थोडे घसरते आणि फरक मिटतो. डांबरावर ते घसरत नाही, आणि सगळा पीळ दातांवर येतो. "पोरानं चिखलात लावला, तो बरोबरच लावला. पक्क्या रस्त्यावर ज्याला त्याला मोकळं सोडावं लागतं. दांडा अडला तर गाडी जरा मागं घ्यायची, लाथ नाही मारायची."

तुटलेला दात तेलातून मधल्या गिअरच्या बेअरिंगांत शिरला होता. पेटीलाही चीर गेली होती. दुरुस्तीत अर्थ नव्हता.

नांदेडहून जुन्या बाजारातली दुसरी पेटी आणवली. हातब्रेकही या पेटीच्याच पाठीवर बसवलेला असतो, म्हणून आधी चाकांना दगड लावले. तळाचा पत्रा निघाला, दोन्ही शाफ्ट सुटले. पण पेटी उतरवायला आणखी एक धडधाकट माणूस हवा होता, आणि चाचांचा पोऱ्या गावाला गेलेला.

मी दादाच्या घरी गेलो. ओसरीवर सगळे बसले होते. आरोप सर्वांदेखत केला होता, तेव्हा कबुलीही सर्वांदेखतच द्यायला हवी होती. "जीप तू नाही मोडलीस. मी मोडली," मी पुतण्याला म्हणालो. पोरांकडून रोज घोकून घेतो, त्याहून हे वाक्य लहान होते. पण तोंडातून निघता निघेना. तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला. मग उठत म्हणाला, "सदरा बदलून येतो, काका. ऑइलचे डाग निघत नाहीत."

पेटी आम्ही दोघांनी धरली, बोल्ट चाचांनी कसले. नवे गॅस्केट, नवी सील, आणि भरण्याच्या बुचाच्या कडेपर्यंत गिअर ऑइल. गाडी सुरू केली. घरघर थांबली होती.

धनत्रयोदशीला आम्ही शेतावर गेलो. परतीच्या पावसाने वाट चिखलाची झाली होती. पुतण्याने दांडा लावला आणि जीप सहज बाहेर काढली. डांबरी रस्ता लागताच तो थांबला, गाडी हातभर मागे घेतली आणि दांडा अलगद सोडवला.

मी शेजारी बसलो होतो. या वेळी मी काही शिकवले नाही.