तेरा हृदयांची तलवार

नाशिकच्या द्वारका चौकात वाट चुकण्याची सोय नाही. मुंबईहून आग्ऱ्याकडे धावणारा हमरस्ता, त्याला फुटलेली पुण्याची वाट, जुन्या गावाकडे उतरणारी वर्दळ आणि या सर्वांच्या माथ्यावरून जाणारा उड्डाणपूल, यांनी दिशांची वाटणी इतक्या निःसंदिग्धपणे करून टाकली आहे की, परगावचा मनुष्यसुद्धा पाटीवरचा बाण आणि अंतराचा आकडा वाचून बिनघोर पुढे निघून जातो. या चौकापासून हाकेच्या अंतरावर, काठे गल्लीतल्या एका घरात, माझी भाची मात्र गेला सारा पावसाळा अशा एका अरण्यात हिंडत होती की, जेथे पाटी नाही, अंतर नाही, आणि एक पाऊल वावगे पडले की धुके चहूकडून चालून येते व प्रवाशाला पुन्हा अरण्याच्या तोंडाशी आणून सोडते.

ते अरण्य ‘द लिजेंड ऑफ झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ या व्हिडिओ गेममधले. जपानच्या निन्टेन्डो कंपनीचा हा खेळ ३ मार्च २०१७ रोजी प्रसिद्ध झाला. शंभर वर्षांच्या निद्रेतून जागा झालेला लिंक नावाचा तरुण, हायरूल नावाचा उद्ध्वस्त मुलूख, तेथील राजवाड्यात ठाण मांडून बसलेले गॅनन नावाचे अरिष्ट, आणि त्या अरिष्टाला शतकभर एकटीच्या बळावर थोपवून धरणारी राजकन्या झेल्डा, असा त्याचा कथाभाग. भाचीचे चित्त जडले होते ते मात्र मुलुखाच्या उत्तर भागातील त्या अरण्याच्या गाभ्यात, एका पुराणवृक्षाच्या पुढ्यात, पाषाणात रोवलेल्या एका तलवारीवर. लिंक रणांगणात पडला तेव्हा राजकन्येने ती स्वतः तेथे नेऊन ठेवली, आणि तेव्हापासून ती तेथे धन्याची वाट पाहत उभी आहे.

अरण्यात शिरल्यावर प्रथम जळत्या मशाली दिसतात, आणि एकीवरून दुसरीकडे असा प्रवास करता येईल असे वाटते. पुढे एका ठिकाणी मशालींची ही सोबत संपते. तेथून आपल्याच हाती पलिता घ्यावा लागतो, आणि त्याच्या ठिणग्या वाऱ्याने ज्या दिशेला झुकतील ती दिशा धरून, दर थोड्या पावलांनी थांबत, वारा पालटला की आपणही वळत जावे लागते. मी भाचीच्या शेजारी बसून हे पाहिले आहे. खोक्यासारख्या वाटणाऱ्या त्या पडद्यात ज्या माणसांनी वारा वाहता केला, आणि तो वाराच वाटाड्या म्हणून नेमला, त्यांच्याविषयी माझ्या मनात अतीव आदर उत्पन्न झाला. फोन हाताशी होता. त्यावर विचारले असते तर सारी वाट पायरीपायरीने उलगडली असती. तिने विचारले नाही, आणि मला तिचा हा निर्णय आजही सर्वस्वी योग्य वाटतो.

वाट सापडली त्या रात्री जेवायला बसताना ती म्हणाली, “मामा, तलवारीपर्यंत पोहोचले. पण माझी हृदयं कमी पडतायत.”

या खेळात आयुष्य हृदयांच्या चिन्हांनी मोजतात. आरंभी पदरी तीन हृदये असतात. तलवारीच्या मुठीला हात घातला आणि ती उपसू लागले की, ती उपसणाऱ्याचे आयुष्य शोषू लागते; एकेक हृदय विझत जाते, आणि वेळीच हात सोडला नाही तर नायक त्याच जागी कोसळतो. ती उपसून निघावी यासाठी तेरा हृदये लागतात, आणि तीही स्वतः कमावलेली. रांधलेले पौष्टिक अन्न खाऊन जी पिवळी हृदये काही काळ अंगी येतात, ती येथे जमेस धरली जात नाहीत. कमाईचा मार्ग दूरचा आहे. मुलूखभर विखुरलेल्या १२० प्राचीन मंदिरांत एकेक कूट सोडवावे, तेथून एकेक प्रसादचिन्ह मिळवावे, आणि अशी चार चिन्हे अर्पण करून एक हृदय घ्यावे. चार प्रचंड यंत्रपशू शत्रूच्या ताब्यात आहेत. त्यांतील प्रत्येक मुक्त केल्यास आणखी एकेक हृदय लाभते. म्हणजे चारही यंत्रपशूंची मोहीम फत्ते केली तरी निदान २४ मंदिरे पालथी घालावी लागतात, आणि ती मोहीम टाळली तर ४०. त्यासाठी हिमाच्छादित शिखरे चढावी लागतात, वाळवंटातली रात्रीची थंडी आणि दुपारचा दाह दोन्ही सोसावे लागतात, विजेच्या कडकडाटात अंगावरचे लोखंड उतरवून ठेवावे लागते. तलवारीसाठी निघालेला मनुष्य अशा रीतीने त्या मुलुखाचा रहिवासी होऊन जातो. नदीला उतार कोठे आहे, कोणत्या कड्याला हाताची पकड मिळते, कोणत्या गावात पावसाचा आसरा मिळतो, हे त्याला नकाशावाचून उमगू लागते.

आणि नवल हे की, या तलवारीची सक्ती कोठेच नाही. ती न उपसताही अरिष्टावर चालून जाता येते, त्याचा नाश करता येतो, खेळ रीतसर पुरा होतो. असे असता लक्षावधी माणसे त्या धुक्यात का शिरतात? इतर सर्व शस्त्रे या खेळात मोडतात, आणि ही मोडत नाही, केवळ थकते व दहा मिनिटांच्या विश्रांतीनंतर पुन्हा तेजाळते, हे एक व्यावहारिक उत्तर झाले. मला त्याने समाधान मिळत नाही. माझ्या मते जो मनुष्य एकदा हात सोडून परत फिरला, त्याला आपण किती उणे आहोत याचे इतके स्वच्छ माप आयुष्यात क्वचितच मिळालेले असते. तलवार त्याचा उपमर्द करीत नाही, त्याला हाकलून देत नाही. तेवढे माप सांगते आणि जागच्या जागी उभी राहते. ज्यांनी ती तेथे रोवली त्यांचा असा विश्वास आहे की, हा पुन्हा येईल. दुर्गम स्थळी एखादी वस्तू ठेवणे हे कृपणाचे कृत्य नसून, कधी न पाहिलेल्या कोणा अपरिचिताच्या चिकाटीवर टाकलेला तो भरवसा असतो, असे मला निःशंकपणे वाटते.

ही परंपरा त्या मालिकेत आरंभापासून आहे. १९८६ सालच्या पहिल्या झेल्डात एक तलवार पाच हृदयांवाचून मिळत नसे, आणि स्मशानातल्या एका थडग्याखाली असलेली सर्वश्रेष्ठ तलवार बारा हृदयांवाचून. त्या खेळाचे जनक शिगेरू मियामोतो यांचे बालपण क्योटोजवळच्या सोनोबे या गावी गेले. तेथल्या रानात हिंडताना त्यांना एक गुहा सापडली, आणि मग कंदील घेऊन ते तिच्यात शिरले, हे त्यांनी स्वतःच सांगितले आहे.

नाशिककराने मात्र यासाठी जपानपर्यंत जाण्याचे कारण नाही. द्वारकेहून नदी ओलांडली की पंचवटी. या पंचवटीत येण्यापूर्वी रामाने दंडकारण्यात ऋषींच्या एका आश्रमातून दुसऱ्या आश्रमात हिंडत दहा वर्षे काढली, असे वाल्मीकींच्या अरण्यकांडात आहे. त्यानंतर तो अगस्त्यांच्या दारी गेला. आणि अगस्त्यांनी त्याला विश्वकर्म्याने घडवलेले वैष्णव धनुष्य, इंद्राने दिलेले अक्षय भाते आणि सोन्याच्या म्यानातली तलवार स्वाधीन केली, व तेथून दोन योजनांवरील पंचवटीची वाट दाखवली. कथेकरी धनुष्याचे वर्णन रंगवून सांगतात आणि ती दहा वर्षे एका वाक्यात उरकतात. मला ती दहा वर्षेच अधिक मोलाची वाटतात. अरण्याची भाषा कळलेल्या, तपस्व्यांची दुःखे कानांनी ऐकलेल्या हातातच ते धनुष्य गेले. अयोध्येच्या वेशीवर ते कोणी नजर केले असते, तर ते धनुष्यच राहिले असते. त्याचा धनी सिद्ध झाला नसता.

विरुद्ध बाजूचा दाखलाही नाशिकच्याच पंचक्रोशीत आहे. उत्तरेस आशेवाडीजवळचा रामशेज किल्ला. १६८२ मध्ये औरंगजेबाच्या फौजेने त्याला वेढा घातला आणि तो किल्ला वर्षानुवर्षे हाती लागेना, तेव्हा एका मांत्रिकाने मोगल सरदाराकडून सोन्याचा नाग घडवून घेतला. तो हाती धरून आपण पुढे चाललो की गडाचे दरवाजे आपोआप उघडतील, असा त्याचा हवाला होता, अशी हकीकत सांगतात. गडाच्या टप्प्यात येताच गोफणीचा धोंडा त्याच्या छातीवर बसला आणि नाग हातून सुटून पडला. खजिन्यातून दाम मोजून करवून घेतलेले ते दैवी आयुध. आणि वर गडावर काय होते? लोखंडी तोफा नव्हत्याच. शिबंदीने लाकडाचे ओंडके कोरून, त्यांवर कातडे मढवून तोफा केल्या होत्या, आणि त्यांच्या माऱ्याची नोंद मोगलांकडील इतिहासकार खाफीखान याला करावी लागली. त्या तोफा कोणी आयत्या दिल्या नव्हत्या. ज्यांनी त्या डागल्या त्यांनीच त्या घडवल्या होत्या.

अशी भूमी आपल्या पायांखाली असता या प्रकारचे खेळ आपल्याकडेही व्हावेत, ही माझी तळमळ आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० मध्ये ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा खेळ आणला. लोकवर्गणीचा त्यांचा पहिला प्रयत्न सफल झाला नव्हता, तरी त्यांनी काम सोडले नाही. त्यात एक कसरतपटू मुलगी हरवलेल्या भावाच्या शोधात निघते, आणि दुर्गेचे त्रिशूळ, विष्णूचे धनुष्य अशी आयुधे तिला वाटेत लाभतात. तिची चाल, तिच्या उड्या, मंदिरांच्या भिंतींवरची चित्रे, सारे मन लावून केलेले आहे. त्यात आयुधे कथेच्या ओघातच हाती येतात. ती दडवून ठेवण्याचे धाडस पुढच्या कोणीतरी करावे. सह्याद्रीतल्या दऱ्या, भुयारे, टाकी आणि चोरदरवाजे त्या कामी उपयोगी पडायला उत्सुक आहेत.

भाचीची तेरा हृदये भाद्रपद संपता संपता पुरी झाली. तिने मला मुद्दाम बोलावून घेतले. मूठ धरली, हृदये विझू लागली, लिंकचे गुडघे वाकले. शेवटी चतकोर हृदयापुरते आयुष्य उरले, आणि ते चतकोर टिकले. तलवार पाषाणातून वर आली. खोलीत आम्ही दोघेच होतो, तरी मी उठून उभा राहिलो.

त्या तलवारीची आणखी एक परीक्षा आहे, हे तिने नंतर सांगितले. २०१७ च्याच जूनअखेर ती मूळ खेळाला जोडण्यात आली. तलवारीचे पूर्ण सामर्थ्य जागे करायचे असेल, तर ती पुन्हा त्याच पाषाणात ठेवावी लागते, आणि अंगावरचे चिलखत, भात्यातले बाण, शिदोरीतले अन्न, सर्व काही काढून घेतले जाऊन ४५ दालने रिकाम्या हाताने पार करावी लागतात. जे शस्त्र लागेल ते त्या त्या दालनातच मिळवायचे. तिने तलवार परत ठेवली आहे. पहिली बारा दालने झाली, आता मधल्या सोळांत ती अडली आहे. आणि परवा मी विचारले तेव्हा, पाचव्यात झाडाच्या फांदीनेच लढायला शिकतेय, असे तिने मला सांगितले.